पत्त्याच्या रेघा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील एका सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत, नाट्य अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली. त्या मालिकेत माझ्यासारख्या एका रुक्ष सरकारी नोकराने उभे राहावे, आणि तेही पाकिटावरच्या काळ्या रेघांविषयी बोलण्यासाठी, हे काहीसे विपरीतच आहे. पण कार्यवाहांचा आग्रह मोडवेना. आग्रहाचे कारण आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. महोत्सवाची निमंत्रणे आपण मोठ्या हौसेने छापली, पाकिटांत घातली, टपालात टाकली. आणि त्यांतील एक जाडजूड गठ्ठा पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडेच परत आला. तो गठ्ठा आज या टेबलावर माझ्यासमोर आहे. कार्यवाह म्हणाले, "तुमची सारी नोकरी जावक विभागात गेली. हे असे का झाले, ते तुम्हीच सांगा." सारी नोकरी गेली म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, परंतु अकरा वर्षे गेली हे खरे, आणि त्या अकरा वर्षांत पुष्कळ पत्रे हरवलीही. तेव्हा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर अनुभवी अपराधी म्हणून बोलतो.

घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला पत्राचे मोल निराळे सांगावे लागत नाही. दिल्लीच्या रस्त्याने जाताना आपण पानिपत ओलांडतो, तेव्हा गाडीतला एखादा तरी मराठी माणूस क्षणभर गप्प होतो. त्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या सुमारास एका सावकाराच्या पत्रातून कळली असे सांगतात. पत्रात युद्धाचा शब्द नव्हता. मोती, मोहरा आणि रुपये यांचा हिशेब तेवढा लिहिला होता, आणि वाचणाऱ्याने त्यातून माणसे मोजली. सांकेतिक लिपीतील पत्र ही आपल्याला नवी गोष्ट नाही. मात्र त्या पत्रातला संकेत मजकुरात होता. मी आज ज्या संकेताविषयी बोलणार आहे तो पाकिटावर असतो, आणि तो माणसाने वाचायचा नसून यंत्राने वाचायचा असतो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच आपला गठ्ठा परत आला.

आधी पत्त्याविषयी. आपण ज्या नगरात राहतो त्याच्याइतका सोपा पत्ता हिंदुस्थानात क्वचितच कुठे असेल. घराचा क्रमांक, सेक्टरचा क्रमांक, चंडीगढ, संपले. पिनदेखील पुष्कळ ठिकाणी सेक्टरचाच क्रमांक पोटात घेऊन आला आहे. सेक्टर सतराचे मुख्य टपाल कार्यालय १६००१७, सेक्टर बावीस १६००२२, छत्तीस १६००३६. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, गावाकडचे पत्ते कसे असतात याचा विसर पडतो. आमच्या घरचा पत्ता माझे वडील असा लिहीत : अमुक यांचा वाडा, मारुतीच्या देवळामागे, बोळाच्या तोंडाशी, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका अमुक, जिल्हा सातारा. यात पत्ता कमी आणि वर्णन अधिक आहे. हा मजकूर वाचून घर शोधायचे तर गावाची ओळख असलेला पोस्टमनच हवा, आणि तो होता म्हणून पत्रे पोहोचत होती. पण पत्र त्या पोस्टमनच्या हातात पडेपर्यंत मधल्या वाटेवर जे लोक ते पुढे ढकलत होते, त्यांना तो बोळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर अशी रेल्वे टपाल सेवेची पहिली वर्गीकरणाची गाडी धावली. तेव्हापासून सुमारे शतकभर हलत्या डब्यात उभे राहून, खणाखणांच्या फळीसमोर, गावांची नावे पाठ असलेली माणसे हे काम करीत आली. त्यांच्या स्मरणशक्तीविषयी मला नितांत आदर आहे. परंतु एकाच नावाची दोन-दोन, चार-चार गावे, तीन-तीन लिप्यांत लिहिलेली, तीही घाईत लिहिलेली, हे कोणत्याही स्मरणशक्तीच्या पलीकडचे होते.

या अडचणीवर तोडगा काढणारा गृहस्थ मराठी होता, ही गोष्ट आपल्या मुलांना आपण सांगितली पाहिजे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्यांचे नाव. दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव आणि डाकतार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य होते. मूळचे कोकणातले, आणि नोकरीपलीकडे संस्कृतचे कवी व नाटककार. त्यांनी मांडलेली पोस्टल इंडेक्स नंबरची, म्हणजे पिनची, पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. १९९९ साली ते निवर्तले. साहित्यावर प्रेम करणारा माणूस कार्यालयात निरुपयोगी ठरतो, असे माझे एक वरिष्ठ मला नेहमी ऐकवीत. मी बी.ए. झालेला असल्यामुळे त्यांचा रोख कोणाकडे असे ते मला कळत असे. मी मनातल्या मनात त्यांना वेलणकरांचे नाव सांगत असे. तोंडाने सांगण्याचे धैर्य मात्र कधी झाले नाही.

पिनमध्ये सहा अंक आहेत, आणि ते मोठ्याकडून लहानाकडे जातात. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो : महाराष्ट्र आणि गोवा चारमध्ये, आपण येथे एकमध्ये. नऊ हा आकडा सैन्याच्या टपालाचा. पहिले दोन मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. म्हणजे वाटेवरच्या माणसाला बोळ तर नाहीच, पण गावाचे नावही वाचण्याचे कारण उरले नाही. औरंगाबाद महाराष्ट्रात होते तसेच बिहारमध्येही आहे. परंतु ४३१००१ आणि ८२४१०१ यांत कोणाची फसगत व्हावी? पुढे २०२३ साली आपल्याकडच्या औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. शहरांचे पिन होते तेच राहिले. आपल्या वहीतील जुन्या पत्त्यांवर जुनीच नावे आहेत. ती बदलून घ्यावीत हे खरेच, पण खाली पिन बरोबर असेल तर तेवढ्यामुळे पत्र अडणार नाही.

एवढी सुरेख योजना. पण तिच्यात एक उणीव राहून गेली आहे, आणि तिच्यामुळे मला आयुष्यातला एक धडा मिळाला. पिनला ताळा नाही. लहानपणी गुणाकार केल्यावर गुरुजी ताळा पाहायला लावीत, ते आपल्याला आठवत असेल. उत्तर बरोबर आहे की नाही हे पुन्हा सारे गणित न करता ताळ्यावरून कळत असे. पिनमधले दोन अंक उलटसुलट झाले तर तो बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचा अगदी खराखुरा पिन होतो, आणि चुकीचा वास कोणाला येत नाही. सोलापूर ४१३ मध्ये आहे. चार-एक-तीनच्या जागी बोट घसरून चार-तीन-एक पडले की पत्र संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड या मुलखात निघाले म्हणून समजा.

याउलट ज्या रेघांविषयी बोलण्यासाठी मी उभा आहे, त्यांच्याखालच्या क्रमांकाला ताळा असतो. स्पीड पोस्टच्या पाकिटावर आपण जो तेरा अक्षरांचा क्रमांक पाहतो तो जागतिक टपाल संघटनेच्या एस-१० नावाच्या मानकाप्रमाणे बनलेला आहे. आरंभी दोन रोमन अक्षरे, ती सेवेचा प्रकार सांगतात. शेवटी दोन अक्षरे, ती देश सांगतात, आपली 'आयएन'. मध्ये नऊ अंक. त्या नवांपैकी आठ अनुक्रमाचे आणि नववा ताळ्याचा. उदाहरणार्थ १२३४५६७८ हा क्रमांक घ्या. त्याच्या अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ या ठरलेल्या अंकांनी गुणून बेरीज केली तर ती २०४ येते. तिला ११ ने भागले की बाकी ६. ती ११ मधून वजा केली की ५. हा पाच म्हणजे नववा अंक. आता कोणी चौथा आणि पाचवा अंक उलटे लिहिले, तर बेरीज होते २०३, बाकी ५ आणि ताळा ६. पाकिटावर पाच, हिशेबात सहा; यंत्र तिथल्या तिथे नकार देते. आपल्या गुरुजींनी पाहिले असते तर त्यांना संतोष वाटला असता.

आणि रेघा म्हणजे तरी काय? ती हीच तेरा अक्षरे, रेघांच्या लिपीत लिहिलेली. या विद्येचा जनक नॉर्मन वुडलँड नावाचा अमेरिकन. लहानपणी बालवीर पथकात तो मोर्सची कडकट्ट शिकला होता. फ्लोरिडातील मायामीच्या किनाऱ्यावर बसला असता त्याने वाळूत मोर्सचे टिंब आणि डॅश काढले आणि बोटांनी ते खाली ओढत नेले. टिंबाची झाली बारीक रेघ, डॅशची झाली जाड. त्याला आणि त्याच्या मित्राला, बर्नार्ड सिल्व्हरला, १९५२ साली एकस्व मिळाले. दुकानात पहिल्यांदा अशी रेघ वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटावरची. आपल्या देशातली तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा हळहळलेली मंडळी या सभागृहात आहेत. त्यांनी एवढे समाधान मानावे की, तारेचे टिंब आणि डॅश नाहीसे झालेले नाहीत, ते पाकिटावर उभे राहिले आहेत.

टपालात प्रचलित असलेल्या रेघांच्या लिपीला कोड १२८ म्हणतात. संस्कृतच्या अभ्यासकांना तिची रचना आवडेल. प्रत्येक चिन्हात तीन काळ्या रेघा आणि तीन कोऱ्या जागा. रेघ किंवा जागा एक, दोन, तीन किंवा चार मात्रांची. आणि सहाही मिळून अकरा मात्रा. अकरापेक्षा एकही कमी नाही, अधिक नाही. म्हणजे हे मात्रावृत्तच झाले! वृत्त म्हटले की यती आली. या रेघांच्या दोन्ही अंगांना निदान दहा-दहा मात्रांची कोरी जागा ठेवावी लागते. ती नसेल तर कोठून वाचायला आरंभ करायचा हे यंत्राला कळत नाही. छापखान्यात आणि संगणकावर होणाऱ्या बहुतेक चुका ह्या मात्राभंगाच्या किंवा यतिभंगाच्या असतात, हे मी आपल्याला या गठ्ठ्यावरूनच दाखवणार आहे. पण त्याआधी, मात्रा, यती आणि ताळा सारे निर्दोष असूनही काय होऊ शकते ते सांगतो. ती गोष्ट मी आजवर फार कोणाला सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथून निवृत्तिवेतनाशी संबंधित पत्रे देशभर जात. कार्यालयाचे नाव सांगणे औचित्याला धरून होणार नाही. रजिस्टर टपालाचा तो काळ. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. आम्ही घाऊक टपाल देत असल्याने टपाल खात्याकडून क्रमांकांची मालिका मिळे, आणि आम्हीच संगणकावर नाव, पत्ता आणि रेघा असे छापून देत असू. एकदा कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांना पत्रे गेली. अमुक मुदतीत अमुक कागद पाठवा, नाहीतर वाढीव रक्कम थांबेल, असा मजकूर. दोन-अडीच महिन्यांनी दूरध्वनी आला. पलीकडची बाई मराठीशिवाय दुसरे काही बोलेना, म्हणून तो माझ्याकडे दिला गेला. सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या वृद्ध बाई. पैसे थांबले होते. तीनदा तालुक्याला जाऊन आल्या होत्या.

मी संगणकावर क्रमांक पाहिला आणि त्यांना सांगितले, "आजी, पत्र तुम्हाला पोहोचले आहे. तारीख आहे, तुमची सहीदेखील आहे."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "साहेब, मला सही येत न्हाई. मी आंगठा देते."

मी त्या दिवशी घरी गेलो नाही. रात्री आठपर्यंत बसून यादी उकलली, तेव्हा जे दिसले ते असे. पत्ते पिनच्या क्रमाने लावून दिले तर टपाल खात्याला सोयीचे पडते, म्हणून मीच ती यादी संगणकावर क्रमवार लावली होती. आणि लावताना रेघांच्या क्रमांकाचा रकाना निवडायचा राहिला होता. नावे आणि पत्ते हलले, क्रमांक जागच्या जागी राहिले. पाकिटे त्या हललेल्या यादीवरून छापली गेली, कार्यालयाची नोंदवही मात्र आधीच्या यादीवरून बनली. म्हणजे वहीत ज्या क्रमांकासमोर आजींचे नाव होते, तो क्रमांक प्रत्यक्षात नाशिककडच्या दुसऱ्या एका बाईंच्या पाकिटावर होता. त्यांना पत्र मिळाले, त्यांनी सही केली. आजींचे पाकीट? त्याच्या पिनमध्ये चारशे तेराचे चारशे एकतीस झालेले. ते मराठवाड्यात हिंडून 'अपुरा पत्ता' असा शिक्का घेऊन परत आले होते, आणि क्रमांकाप्रमाणे तिसऱ्याच कोणाच्या नावावर 'परत' म्हणून नोंदले जाऊन आमच्याच कपाटात पडले होते. माझ्या खुर्चीपासून चार हातांवर.

प्रत्येक क्रमांकाचा ताळा बरोबर होता. प्रत्येक रेघ यंत्राने निमूट वाचली होती. टपाल खात्याकडून चूक झालेली नव्हती. ताळा क्रमांक शुद्ध आहे की नाही एवढेच सांगतो. तो कोणाचा आहे हे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांपुढे मी लेखी कबुली दिली. सारी यादी पुन्हा जुळवून पाहता आजींसारखी आणखी काही नावे निघाली. आजींची थकबाकी पुढे मिळाली. त्यांनी मला दूरध्वनी करून सांगितले, आणि वर "तुमची लई खटपट झाली" असे म्हणाल्या. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. चूक कोणाची होती हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नव्हते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो, आणि तो आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी पाळावा असे सुचवतो. छापील गठ्ठा टपालात देण्यापूर्वी त्यातून पहिले, शेवटचे आणि मधली कोणतीही दहा-बारा पाकिटे काढावीत, रेघा मोबाईलवर वाचाव्यात, आणि येणारा क्रमांक वहीतल्या नावाशी ताडून पाहावा. पाकिटावरचे नाव आणि वहीतले नाव एक असेल तर पुढे जावे. या कामाला पंधरा मिनिटे लागतात. आणखी एक गोष्ट : संगणकाच्या तक्त्यात क्रमांक लिहिताना आरंभीची शून्ये संगणक स्वतःच्या अकलेने गाळून टाकतो. आठ अंकांचे सहाच उरतात. तो रकाना अक्षरांचा आहे असे संगणकाला आधी बजावावे.

आता हा गठ्ठा.

हे पहिले पाकीट पाहा. निमंत्रणपत्रिका कुंकवाच्या रंगात, म्हणून शोभेसाठी स्टिकरवरच्या रेघाही त्याच रंगात छापल्या. कल्पना सुंदर आहे. परंतु टपाल कार्यालयातील पुष्कळ वाचनयंत्रांचा प्रकाश लाल असतो, आणि लाल प्रकाशात लाल शाई व पांढरा कागद सारखेच उजळ दिसतात. यंत्राच्या दृष्टीने हे पाकीट कोरे आहे. काउंटरवरच्या भगिनीने तेरा-तेरा अक्षरे हाताने घातली, तिचे आपण आभार मानले पाहिजेत. गंमत अशी की, उलट केले असते, म्हणजे तांबड्या कागदावर काळ्या रेघा, तर यंत्राने ते बहुधा वाचले असते. निळ्या किंवा हिरव्या कागदावर काळे मात्र चालत नाही. या भानगडीत न पडता पांढऱ्यावर काळे करावे हेच उत्तम. आपली म्हणही तशीच आहे.

हे दुसरे. येथे स्टिकर लहान होता म्हणून रेघांचे चित्र संगणकावर कोपऱ्याला धरून दाबले आहे. मघाशी मात्रा सांगितल्या त्या येथे मोडल्या. छपाईचे यंत्र ठिपक्यांनी छापते. एका मात्रेला दोन ठिपके किंवा तीन ठिपके चालतील, अडीच चालत नाहीत. चित्र दाबले की कुठे दोन पडतात, कुठे तीन, आणि डोळ्यांना काही दिसत नसले तरी वृत्त बिघडते. रेघा लहान करायच्या तर चित्र दाबून करू नयेत; ज्या साधनाने काढल्या त्याच साधनात माप बदलून पुन्हा काढाव्यात.

तिसऱ्यावर रेघांवरून चिकटपट्टी गेली आहे, ती चमकते. चौथ्यावर आमच्या गणपतीच्या सोंडेचे टोक रेघांच्या उजव्या अंगाला टेकले आहे : यतिभंग. श्रींची क्षमा मागून त्यांना डावीकडे वर सरकवावे लागेल. या पाचव्यावर मात्र मला हसू आवरले नाही. पाकीट वेलबुट्टीने असे भरले आहे की, स्टिकर लावायला जागाच उरली नाही. तेव्हा कोणीतरी तो बरोबर पिनवर चिकटवला. रेघांवरून पत्राचा माग लागतो. ते कोठे न्यायचे ते पिनच सांगतो. आपण माग ठेवला आणि वाट पुसून टाकली.

आणि ही सर्वांत मोठी जुडी. यांच्यावर काहीच दोष दिसत नाही. रेघा काळ्या, पिन बरोबर, पाकीट स्वच्छ. मग ती परत का आली? तर मंडळाचे नाव आणि पत्ता आपण उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, ठळक अक्षरांत छापला आहे, आणि पाहुण्याचा पत्ता त्याच्यावर बारीक टंकात. वर्गीकरण करणाऱ्या माणसाची काय किंवा यंत्राची काय, नजर पाकिटाच्या खालच्या उजव्या भागावर शेवटच्या ओळीत पिन शोधते. तिला १६० सापडले, आणि पत्र मोठ्या तत्परतेने आपल्या स्वाधीन झाले. आपण स्वतःलाच निमंत्रण पाठवले! पाठवणाऱ्याचा पत्ता डाव्या कोपऱ्यात वर किंवा मागच्या बाजूला, आणि लहान अक्षरांत असावा. यजमानाने उंबरठ्यावर उभे राहू नये, तसेच हे आहे.

ज्यांच्या कार्यालयात खिडकीची पाकिटे वापरतात त्यांच्यासाठी एक शब्द. आतला कागद सरकतो आणि रेघा किंवा पिन खिडकीआड जातात. बंद केलेले पाकीट टेबलावर डाव्या कडेवर, उजव्या कडेवर आणि खालच्या कडेवर आपटून पाहावे. तिन्ही वेळा सारे दिसले तर ठीक. ही अमेरिकेतल्या टपाल खात्याची युक्ती आहे. घाऊक टपाल पाठवणाऱ्याने पत्रावर रेघा स्वतः छापून, नीट लावून दिल्या तर तिकडे टपालाचा दर कमी पडतो, म्हणून तेथे ही विद्या फार वाढली. आधी उंच व आखूड अशा दोनच प्रकारच्या रेघांत पिन लिहीत. आता पासष्ट रेघांची नवी लिपी आहे, तिच्यात पाठवणाऱ्याचाही क्रमांक सामावतो. आपल्याकडे मुंबईला १९९३ मध्ये टपाल वर्गीकरणाची यंत्रे आली, चेन्नईला १९९६ मध्ये, पुढे इतरत्र. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' जाहीर केला : सारा देश सुमारे चार-चार मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरे. म्हणजे माझ्या वडिलांच्या त्या बोळाच्या तोंडालाही आता स्वतःची दहा अक्षरे आहेत. ती वापरात कितपत येतील ते पाहू. मला स्वतःला त्या वाड्याचे वर्णन सोडवत नाही, पण पाकिटावर मी ते पिनच्या वर लिहितो, पिनच्या ऐवजी नाही.

आता ज्यासाठी खरे तर हे सारे सांगितले त्याकडे येतो. परत आलेल्यांत अशीही पाकिटे आहेत की, ज्यांत छपाईचा दोष नाही. त्यांच्यावर 'घर सोडून गेले' असे लिहिले आहे. आपले मंडळ बदलीच्या माणसांचे आहे. बँकांतले, सैन्यातले, विद्यापीठातले, पी.जी.आय.मधले, माझ्यासारखे केंद्र सरकारचे. तीन वर्षे, पाच वर्षे येथे गणपती बसवला, नाटकात काम केले, आणि सामान बांधून गेले. त्यांचे पत्ते मंडळाच्या जुन्या वहीत आहेत. ती वही मी आठवडाभर घरी नेऊन वाचली. आरंभीच्या पानांवर पिन नाहीत. एका पानावर तर नुसते आडनाव, 'गोदाकाठ', आणि नाशिक. कोणी कोणाशेजारी राहत होते, कोणाच्या मुलीचे लग्न कोठे झाले, कोण निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि कोण गावी, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नाही. ते या सभागृहात बसलेल्या सात-आठ वडीलधाऱ्या भगिनींना ठाऊक आहे. विशेषतः ज्या काकू पहिल्या हळदीकुंकवापासून येथे आहेत, त्यांनी आज अर्धा तास मला द्यावा अशी माझी विनंती आहे.

निमंत्रणाची दुसरी खेप आणि पुढे ही स्मरणिका, दोन्ही याच यादीवरून जाणार आहेत. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. आपल्याला माहीत असलेले नाव दिसले तर त्याच्यापुढे आजचा पत्ता लिहावा, आणि सहा अंक सुटे सुटे लिहून दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. पेन तेथेच दोऱ्याने बांधून ठेवले आहे. शाई काळी आहे.